डाव्या सीटची वर्गणी

मुलाने नवी गाडी घरी आणली त्या दिवशी मला तिच्याबद्दल एकच गोष्ट कळली. ही गाडी थंडीने कुडकुडणाऱ्या कुठल्यातरी देशातल्या माणसांच्या डोक्यातून निघालेली होती. नाहीतर कोलशेतला, खाडीच्या अंगाला, जिथे डिसेंबरातही आम्ही पंखा बंद करायला भितो, तिथे बसायची जागा गरम करणारं बटण कोण कशाला देईल?

"आई, सीट गार पण होते आणि गरम पण," मुलगा म्हणाला.

"गरम कशाला रे?"

"अगं, येतं ते त्यातच. आपण गारवालं वापरायचं."

पूजा झाली, चाकाखाली लिंबू फुटलं आणि मुलाने सीटवरचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं. माझ्या तोंडून सवयीने निघालंच, "अरे, राहू दे की थोडे दिवस!" सून आणि नात एकमेकींकडे बघून हसल्या. आणि मला माझी मीच आठवले.

तिशीतली मी. डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांत राहणारी, जगातलं सगळं आपल्यालाच कळतं अशी पक्की खात्री असलेली बाई. तिने टीव्ही घेतला तो लाकडी सरकत्या दारांचा, कुलूपवाला. किल्ली गळ्यातल्या सेफ्टी पिनेला. नवऱ्याला बातम्या बघायच्या असतील तर त्याने माझ्यासमोर येऊन नुसतं उभं राहायचं, बोलायचं नाही. मिक्सरचं तिसरं भांडं "पाहुणे आले की काढू" म्हणून खोक्यात ठेवलं. ते बिचारं खोक्यातच म्हातारं झालं. सोफ्यावरचं प्लॅस्टिक इतकी वर्षं राहिलं, की सोफ्याचा खरा रंग आम्ही भंगारवाल्याच्या हातगाडीवर पाहिला. वस्तू पैसे मोजून घरी आणायची आणि मग घरच्यांनाच ती वापरायची बंदी करायची, हा धंदा आज मोठमोठ्या कंपन्या करतात. या बाईने तो तेव्हाच, एक रुपयाही न कमावता, करून दाखवला होता.

तिचा आणखी एक पराक्रम सांगायला हवा. माझ्या सासूबाईंना संध्याकाळी कमरेला शेक लागायचा. तवा तापवायचा, ओव्याची पुरचुंडी त्यावर दाबायची आणि त्यांच्या कमरेला लावायची. एकदा माझी थोरली बहीण, शहाडच्या पुढे मोहन्याला राहणारी ताई, आमच्याकडे आलेली असताना या शहाणीने स्वयंपाकघरात जाहीर केलं, "मी म्हातारी झाले ना, तरी कुणाकडे शेक मागणार नाही. मनावर असतं सगळं." ताईने मान डोलावली. ताई ऐकलेलं विसरत नाही, हे तिशीतल्या बाईला माहीत असायला हवं होतं.

आता मन आहे तिथेच आहे, कंबर मात्र गेली. मागे एकदा ती अशी धरली की डॉक्टरांनी सांगितलं, धक्क्यांचा प्रवास नको. मुलाने घरी येऊन लगेच फर्मान काढलं: मोहने बंद.

"ताईमावशीला व्हिडिओ कॉल कर ना. समोरासमोरच बसल्यासारखं असतं."

व्हिडिओ कॉलवर मला ताईच्या छताचा पंखा दिसतो आणि तिला माझी हनुवटी. रमी तर खेळताच येत नाही. ताई समोर बसूनही जोकर मांडीखाली सरकवते, फोनवर म्हणजे तिला रान मोकळं. तिच्या गुडघ्यांनी उंबरा ओलांडायचं केव्हाच सोडून दिलंय, म्हणजे जायचं ते मीच. आणि आमच्या वयाला "बघू पुढच्या वर्षी" म्हणायची सोय नसते. शनिवारी ताईकडे जाणं ही माझ्या आठवड्यातली एकच गोष्ट अशी होती जी कुणाची आई, सासू, आजी म्हणून मी करत नव्हते. तिथे मी नुसती धाकटी होते.

नवी गाडी आली तसा मुलगा नरमला. "एकदा जाऊन बघू. पाठ दुखली तर मात्र परत बंद हं."

नात मागे बसली होती. निघताना तिने खेळ म्हणून पुढे वाकून माझ्या सीटचं बटण दाबलं. "आजी, हे बघ. एक, दोन, तीन. तीन म्हणजे फुल." मग ती कानात गाणी घालून बसली आणि बटण विसरून गेली. माजिवड्याच्या पुलाखाली मला वाटलं, सासूबाई शेक परत करायला आल्या. कुणीतरी बरोबर दुखतं तिथे, तव्यावरून नुकती उचललेली पुरचुंडी लावत होतं. रांजणोली नाक्याच्या खड्ड्यांत ट्रक नाचत होते आणि मी मात्र लोण्यासारखी सैल झाले होते. वरून एसी, खालून शेक. असं सुख राजवाड्यातसुद्धा नसेल.

मोहन्याला मी गाडीतून टुणकन उतरले.

"पाठ?" मुलाने विचारलं.

"कुठली पाठ?"

"बघितलंस? सस्पेन्शन!" तो खूश झाला. "पैसे जातात, पण सस्पेन्शन बघ!"

आता बटणाचं सांगायचं म्हणजे कंबर अजून दुखते हे सांगणं आलं, आणि कंबर दुखते म्हटलं की मोहने बंद. शिवाय तिशीतल्या त्या बाईची अब्रू होतीच. मी म्हटलं, "काय सस्पेन्शन आहे रे!" पुढे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमच्या आईला विचारा सस्पेन्शन कसंय." लोक विचारायचे. मी सांगायचे. मला आजही ते गाडीत नक्की कुठे असतं ते माहीत नाही.

दर शनिवारी मी बसता बसता पदर सारखा केल्याचं निमित्त करून बटण दाबायचे. तीन. आणि सगळं छान चाललं असताना कंपनीनेच चुगली केली.

रविवारी सगळे जेवत होतो. मुलाच्या फोनवर मेसेज आला. तो हसत वाचून दाखवायला लागला. "फुकटची मुदत संपत आली म्हणे. गार सीट, गरम सीट, सगळं पुढे चालू ठेवायचं तर दर महिन्याला सबस्क्रिप्शन. आणि हे ऐका. तुमच्या कुटुंबाला सर्वांत आवडलेली सोय: पुढची डावी सीट, हीटिंग, लेव्हल तीन." त्याने ती ओळ पुन्हा वाचली. "मे महिन्यात?"

डाव्या सीटवर आमच्यात कोण बसतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी आमटीत भात कालवत राहिले.

"माझं कोपर लागलं असेल."

"दर शनिवारी?" नात म्हणाली.

"म्हातारं कोपर आहे. त्याला काय कळतंय?"

सुनेने मला आणखी आमटी वाढली. ती फार शहाणी मुलगी आहे. कधी वाढायचं ते तिला बरोबर कळतं.

"पण ते सबस्क्रिप्शन म्हणजे काय रे नक्की?" मी विषय बदलला.

"दर महिन्याला पैसे भरायचे. भरले तर सीट गरम होणार, नाहीतर नाही."

"म्हणजे वर्गणी."

"वर्गणी काय गं आई!"

"वर्गणीच की," सून म्हणाली. "मासिकाची नसायची का?"

"मासिक दर महिन्याला नवीन यायचं!" मुलगा तापला. ही लेव्हल तीनच असावी. "इथे सीट तीच, वायर तीच, बटण तेच. सगळ्याचे पैसे मी आधीच दिलेत. आता आपल्याच गाडीत आपण भाडेकरू? मी एक पैसा भरणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

त्याचं बरोबरच होतं. मी त्याला म्हटलंही, "शाब्बास." कारण माझ्या डोक्यात वर्गणी हा शब्द बसला होता, आणि वर्गणीची मला काडीची भीती नव्हती. डोंबिवलीला गणपतीच्या आधी मंडळाची मुलं पावतीपुस्तक घेऊन यायची, तेव्हा तिशीतली बाई दाराची साखळी न काढता फटीतून हुज्जत घालायची. "मागच्या वर्षी तुमचा लाऊडस्पीकर आमच्या खिडकीकडे होता, त्याचे आधी वजा करा." मुलं दोनदा यायची, तीनदा यायची. ही "परवा या" म्हणायची. शेवटी मागितल्याच्या निम्मे द्यायची, तेही विसर्जनाच्या आदल्या दिवशी. तोवर आरतीला पहिल्या रांगेत हीच आणि प्रसादाला दोन्ही हात पुढे हिचेच. वर्गणी राहिली म्हणून गणपतीने कधी तिच्याकडे बघून डोळे मिटून घेतले नव्हते.

तेव्हा मी निर्धास्त. कंपनीची माणसं येतील, आपण परवा या म्हणू, पुन्हा येतील, घासाघीस होईल. तोवर आरती चालूच की.

मुलाने मात्र युद्ध पुकारलं. आमच्या सोसायटीत त्याच कंपनीच्या बऱ्याच गाड्या आहेत. व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने एवढा लांब मेसेज लिहिला की नात म्हणाली, बाबांनी याचं पुस्तक काढावं. शेवटचं वाक्य होतं, 'आपल्याच सीटवर बसायचं भाडं भरणारा आपल्यात एकही नसेल.' टाळ्यांच्या चित्रांचा पाऊस पडला. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांनी लिफ्टमध्ये त्याचा हात हातात घेतला. मुलगा पुढारी झाला.

पुढच्या शनिवारी मी बसले, पदर सारखा केला, बटण दाबलं. समोरच्या पडद्यावर इवलंसं कुलूप उमटलं. पुन्हा दाबलं. पुन्हा कुलूप. परवा या म्हणायला समोर माणूसच नव्हता.

माजिवड्याला मुलगा टायरमध्ये हवा भरायला उतरला. मला आठवलं, गाडीत एक बोलणारी बाई आहे आणि तिची मुदत अजून संपलेली नाही. नातीने शिकवलं होतं, आधी नमस्ते म्हणायचं, मग काय हवं ते सांगायचं, की ती करते. मी काचेतून बाहेर बघितलं. मुलगा चाकापाशी वाकला होता.

"नमस्ते," मी हळूच म्हटलं. "बाई गं, जरा शेक दे."

"जी," बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "शेक के लिए आपके आसपास ये जगहें मिली हैं."

पडद्यावर उंच उंच ग्लासांची चित्रं आली. चिकू, आंबा, सीताफळ. मी पडदा हाताने झाकू लागले तर आंबा मोठा झाला. तेवढ्यात दार उघडून मुलगा आत आला आणि त्याने पडदा बघितला.

"आई, मिल्कशेक प्यायचाय तुला? मग सांगायचं ना! गाडीला काय विचारतेस?"

रांजणोलीच्या अलीकडे त्याने प्रेमाने गाडी थांबवली आणि भला मोठा चिकू मिल्कशेक माझ्या हातात दिला. तोच समोर उभा, तेव्हा तळापर्यंत प्यावा लागला. जो शेक कमरेला हवा होता तो पोटात गेला, तोही बर्फ घालून.

पुढचा रस्ता सांगत नाही. कोनगावपर्यंत मी देवांची नावं घेत होते, शहाडच्या पुलावर माणसांची घ्यायला लागले.

ताईचं घर तळमजल्यावर. तिचे यजमान तिथल्या रेयॉनच्या कंपनीत होते. कंपनी बंद पडली, ते गेले, ताई तिथेच राहिली. ती दारात खुर्ची टाकून बसली होती. मी गाडीचं दार उघडलं, एक पाय बाहेर काढला आणि पुढे काही होईना.

"अगं, उतरतेस की तिथेच संसार मांडतेस?" ताई ओरडली.

मुलगा धावत माझ्या बाजूला आला. "आई, पाठ?"

"पाय. मुंग्या आल्यात."

त्याने मला धरून आत आणलं आणि गाडी नीट लावायला गेला. ताईने पत्ते पिसले. माझ्याकडे बघितलंही नाही.

"कंबर ना?"

"हळू बोल. त्याला कळलं तर इथे यायचं बंद होईल."

"मग इथे आहेस तोवर तरी शेक घे. ओवा आहे डब्यात."

"नको."

"हो गं, खरंच," ताई पानं वाटत म्हणाली. "तू कुणाकडे शेक मागणार नव्हतीस, नाही का. मनावर असतं सगळं."

इतकी वर्षं तिने ते वाक्य जपून ठेवलं होतं, एखादी पैठणी ठेवावी तसं, आणि नेमक्या दिवशी नेसली. मला इतकं हसू आलं की कंबरेतून कळ निघाली, आणि कळ निघाली म्हणून ताईला हसू आलं. त्या गडबडीत तिने जोकर मांडीखाली घातला. मी बघितलं, पण वाकून काढणार कोण?

निघताना तिने माझा हात धरला. एरवी ती असलं काही करत नाही. "पुढच्या शनिवारी यायचं तर सगळी ये. अर्धी गाडीत ठेवून येऊ नकोस." आणि मग पुढे, "नाही आलीस तरी चालेल म्हणा." म्हणजे चालणार नव्हतं.

परतीच्या वाटेवर मुलगा गाडी अशी चालवत होता, जणू डिकीत अंडी आहेत.

"आई, सस्पेन्शन ठीक आहे ना?"

"छान आहे."

त्याने वेग आणखी कमी केला. खड्डा आला की माझ्याकडे बघायचा आणि मी लगेच बाहेरच्या एखाद्या होर्डिंगचं कौतुक करायचे. मला वाचायला ते दिसत नव्हतं हा भाग वेगळा.

तो आठवडा वाईट गेला. खरं सांगितलं तर मोहने बंद. नाही सांगितलं तर मी बंद. बुधवारी चहाच्या वेळी मी खडा टाकून बघितला.

"काय रे, ती वर्गणी... फार आहे का?"

"प्रश्न पैशांचा नाहीये आई." त्याने कप खाली ठेवला. "अख्ख्या सोसायटीला मी सांगितलंय भरू नका म्हणून. आता मीच भरली तर तोंड कुठे लपवू?"

हेही बरोबरच. वाटलं, याला आपणच असं वाढवलं. एकदा बोलला की बोलला. माझ्याच पोटचा आहे, त्या तिशीतल्या बाईचा. ती तर भाजीवाल्याला एकदा नाही म्हणाली की तीच कोथिंबीर दुसऱ्या गल्लीतून महाग घेऊन यायची.

शुक्रवारी संध्याकाळी मी पाणी प्यायला उठले, तर मुलगा सोफ्याच्या कोपऱ्यात फोन छातीशी धरून बसलेला. मला बघितल्यावर त्याने फोन उशीखाली सारला. शाळेत असताना प्रगतीपुस्तक असंच सारायचा. मी स्वयंपाकघरात गेले तर तो आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन कुजबुजत होता.

"तुझ्या फोनवर ओटीपी आला का?"

"कसला ओटीपी?" सुनेने आतून विचारलं.

"हळू बोल ना!"

मला वाटलं, वाढदिवस वगैरे असेल कुणाचा. मी पाणी पिऊन बाहेर आले आणि ताईला उद्याचं जमणार नाही हे कसं सांगायचं त्याचा विचार करत बसले. मुलगाच म्हणाला, "आई, उद्या लवकर निघू. मावशीकडे."

सकाळी नाही म्हणायला म्हणून तोंड उघडलं होतं, पण तो गाडीची किल्ली घेऊन लिफ्टपाशी उभासुद्धा राहिला होता. तळघरातल्या पार्किंगमध्ये मी दात आवळून सीटवर बसले. पदर सारखा केला नाही, बटणाकडे बघितलंही नाही. आणि गेटच्या बाहेर पडेपर्यंत कमरेखाली ऊब यायला लागली. आधी वाटलं भास. मग बरोबर त्या जागी, बरोबर तशीच.

मी मुलाकडे बघितलं. तो रस्त्याकडे बघत होता. कानांच्या पाळ्या लाल.

गेटपाशी तेच बँकवाले फिरून परत येत होते. त्यांनी मूठ वर करून मुलाला सलाम ठोकला. मुलानेही मूठ वर केली, पण अर्धीच.

"काय ऊन आहे आज," मुलगा थोड्या वेळाने म्हणाला. "गाडी बघ कशी तापलीय. सीटसुद्धा तापल्यात."

गाडी रात्रभर जमिनीखाली दुसऱ्या मजल्यावर उभी होती. तिथे ऊन तर सोडाच, मोबाइलची रेंजसुद्धा उतरत नाही.

"हो ना," मी म्हटलं. "उन्हाळा फारच आहे यंदा."

माजिवडा गेलं, रांजणोली गेली. ट्रक उड्या मारत होते आणि मी ताईला आज कसं हरवायचं ते मनात मांडत होते. दुर्गाडीच्या पुलावर मात्र गाड्या अडकल्या त्या अडकल्याच. ऊब होती तिचा चटका झाला. बाहेर खरंखुरं ऊन, काचेतून तेही येत होतं. माझ्या पाठीवर घामाच्या धारा लागल्या, पण सांगायचं कसं? हे ऊन होतं. आमचं ठरलं होतं. मुलगा मधूनच चोरून माझ्याकडे बघायचा, काहीतरी विचारायला तोंड उघडायचा आणि पुन्हा समोर बघायचा. आम्ही दोघंही तसे हट्टी. पुलावर पंधरा मिनिटं तरी असे बसलो असू. शेवटी माझाच धीर सुटला.

"अरे," मी म्हटलं, "ऊन जरा एकवर आण."

समोरच्या ट्रकवरची नजर न काढता त्याने हात पुढे केला आणि माझ्या बाजूचं बटण दोनदा दाबलं.